पाऊस कुणाच्या पाण्याचा?

कोकणात कोसळणारे पाणी येते कुठून? शाळेच्या पुस्तकात या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लागतो. अभ्यासकांत मात्र तो इतक्या सहज लागला नाही. १९६५ च्या जुलैमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निष्कर्षांवर परिषद भरली, तिथे पी. आर. पिशारोटी यांनी मांडले की मोसमी पावसाचे बरेचसे बाष्प अरबी समुद्रच पुरवतो. पिशारोटी म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. पुढे १९७३ मध्ये साहा आणि बावडेकर यांनी हिशेब पुन्हा केला, तेव्हा पारडे विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या बाष्पाकडे झुकले.

दोन्ही बाजू जाणकार होत्या. पण समुद्रावरच्या बाष्पीभवनाच्या हिशेबातच एक नाजूक वजाबाकी असते. समुद्राचे पाणी २८ अंशांवर असेल, तर त्याला टेकलेल्या हवेच्या एका किलोत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. जरा वरच्या हवेत ते १८ ग्रॅमच्या आसपास असते. बाष्पीभवन ठरते ते वाऱ्याच्या वेगावर आणि या पाच ग्रॅमच्या फरकावर. आता १८ मोजताना एका ग्रॅमची चूक झाली तर? आर्द्रतेतली चूक जेमतेम साडेपाच टक्के, पण बाष्पीभवनात ती वीस टक्के होऊन बसते.

आणि एका ग्रॅमची चूक व्हायला फारसे काही लागत नाही. जहाजावरच्या ओल्या फुग्याच्या तापमापकाची वात खारट झाली, की तिच्यातले पाणी सावकाश उडते, फुगा पुरेसा गार होत नाही आणि हवा आहे त्याहून दमट नोंदवली जाते. शिवाय जहाजे आपल्या व्यापारी वाटेने जातात, हवामानशास्त्रज्ञांच्या सोयीने नव्हे. ऐन पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात तर ती आणखी विरळ.

जहाजे नसतात तिथेही उपग्रह पाहू शकतो. १९७९ मध्ये सोडलेल्या आपल्या 'भास्कर-१' उपग्रहावर १९ आणि २२ गिगाहर्ट्झचे सूक्ष्मतरंगमापक होते. २२ गिगाहर्ट्झच्या आसपास बाष्प स्वतःची खूण सोडते, आणि या तरंगांत समुद्र जमिनीपेक्षा बराच मंद दिसत असल्याने ती खूण त्याच्यावर उठून दिसते. जमिनीवर ती हरवते. मात्र असा उपग्रह सांगतो ते हवेच्या अख्ख्या स्तंभातले बाष्प. लाटांलगतच्या हवेत त्यातले किती, हे जुन्या निरीक्षणांतून बसवलेल्या नात्यावरून काढावे लागते. महिन्याच्या सरासरीला ते नाते बऱ्यापैकी टिकते, एकेका दिवसाला दगा देते. रंगीत नकाशात हा फरक कुठेच दिसत नाही, आणि मला खटकते ते हेच: अंदाज मोजमापाच्या वेषात वावरतो.

म्हणून लाटांलगतची हवा थेट मोजणारी, अरबी समुद्रात तरंगणारी निरीक्षण केंद्रे उपग्रहांच्या जमान्यात जुनाट ठरत नाहीत. त्यांच्यावरचे आर्द्रतामापक मिठाने खराब होतात, वेळच्या वेळी बदलावे लागतात, आणि या कामाचे फोटो कुठे छापून येत नाहीत. उपग्रहांवर खर्च जरूर करावा, पण या देखभालीच्या खर्चात हात आखडता घेऊ नये.