डोळे मिटून आकाश

रात्रीची जेवणं झाली की युसूफ वडगावातल्या एखाद्या माळवदावर येऊन बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटा.

वरून विमान चाललंय. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, आपल्याला विमान म्हणजे लुकलुकता दिवा आणि घरघर. दिवा सोडा, घरघर धरा. दहा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला अर्धं मिनिट लागतं. म्हणजे कान जिथं बोट दाखवतोय, तिथून ते केव्हाच पुढं गेलंय.

रडार नसलेल्या ठिकाणचा हवाई नियंत्रक असाच बसतो. समोर घड्याळ, कागदाच्या पट्ट्या, आणि कानात वैमानिकाचा शब्द: आत्ता इथं आहे, इतक्या उंचीवर, पुढच्या खुणेवर इतक्या वाजता. बाकी आकाश त्याला मनातच मांडावं लागतं.

एक विमान उतरायला येतंय, एक निघायच्या तयारीत आहे. पाणंदीत समोरून गाडी शिरली की आपण तोंडाशीच बैल थांबवतो, तसंच हे. फक्त इथलं अंतर मिनिटांत मोजतात. येणारं सरळ रेषेत येत असेल, तर ते धावपट्टीवर पोचण्याच्या अंदाजी वेळेच्या निदान 5 मिनिटं आधी दुसऱ्यानं उड्डाण केलेलं हवं. येणारं वळसा घेऊन धावपट्टीकडे वळलं असेल, तर 3 मिनिटं पुरतात. पण जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या समोरची वाट सोडून निदान 45 अंश बाजूला जायचं. तेवढा वेळ उरला नसेल तर थांबायचं. आपण थांबण्याला खोळंबा म्हणतो. इथं तीच कामगिरी आहे.

त्या पाच मिनिटांत बसून पाहा. काही घडत नाही. श्वास येतो, जातो.

आता एक जड गोष्ट, हळूच. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान 14 हजार फुटांवर, उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला 15 हजारांची मर्यादा. दिल्लीचं तेव्हाचं रडार जागा दाखवी, उंची नाही. उंचीपुरता नियंत्रक आपल्यासारखाच डोळे मिटून होता. त्यानं समोरच्या विमानाची सूचनाही दिली होती. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं. चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही धडकली, 349 माणसं गेली. पुढं दिल्लीत येण्याच्या नि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या.

घरघर विरली असेल. डोळे लगेच उघडू नका, अजून अर्धं मिनिट द्या.