संतोषाचे ऋण

ख्रिस्ती विचारातील संतोषाची चर्चा बहुधा वैभवाच्या निषेधापासून सुरू होते. जुनी कोठारे मोडून मोठी बांधू पाहणारा लूकच्या शुभवर्तमानातील धनिक हा तिचा ठरलेला दृष्टान्त. त्याविषयी फारसा वाद नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे : एकाने स्वेच्छेने पत्करलेल्या साधेपणाचा भार त्याच्या घरातील दुसऱ्याने वाहायचा असेल, तर त्या साधेपणाचे नैतिक मूल्य काय?

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संतोषासाठी योजलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्णता. ज्ञानी पुरुषाला बाहेरच्या कशाचीच गरज उरत नाही. पौल तो शब्द घेतो खरा, पण बंदिवासातून, आणि तेही एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीची पोच देताना! विपन्नता आणि विपुलता दोन्हींत राहण्यास आपण शिकलो, असे तो सांगतो. शिवाय आपल्या अडचणीत वाटेकरी झाल्याबद्दल त्या मंडळींची वाखाणणीही करतो. अशी कबुली स्टोइकाला बहुधा अडचणीची वाटली असती. पौलाचा संतोष मात्र ऋण नावानिशी मान्य करतो.

या कसोटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांचे वैराग्य निःसंशय अस्सल होते. पण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (पहिला भाग १९३४) त्यांचे दातृत्व स्वयंपाकघराच्या बाजूने दिसते. घरात येणारा पैसा चुलीपर्यंत पोचण्याआधीच परक्याच्या गरजेला लागतो. टिळक निश्चिंत राहू शकत, कारण उद्याच्या पिठाची चिंता दुसरे कुणी करीत असे.

या ग्रंथातील विनोदाची आपल्या समीक्षेने रास्त प्रशंसा केली. तो विनोद हिशेबही मांडतो, याकडे तितके लक्ष गेले नाही, असे मला वाटते. लक्ष्मीबाई नोंद चोख ठेवतात. वसुलीचा सूर मात्र लागू देत नाहीत. म्हणूनच त्यांच्या लेखनाला पतिभक्तीचे आख्यान म्हणणे जितके अपुरे, तितकेच त्याला गाऱ्हाणे म्हणणेही. संतोष त्यांनाही शिकावा लागला आहे, आणि तो निवडण्याची मुभा त्यांना आधी कुणी दिली नव्हती.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी सिद्धीस नेले.