घासून उजळलेली नक्षी



परवा बीडला बैठक संपल्यावर आपल्यातल्याच एका पोरानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, समरसतेवाले आमच्या वस्तीत येऊन जेवून गेले. शिवाशीव पाळतात असं आता कसं म्हणायचं? स्टेजवर या म्हणतात. जायला काय हरकत आहे?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर एक जमीन आठवली. शेतजमीन नव्हं, ती आपल्याला कुठली! एका बंगल्यातली लाकडी जमीन.

१९७२ च्या दुष्काळात आमचं घर खडी फोडायला बाहेर पडलं, ते गावातून सुटलंच. पुढं मी पुण्यात एका मिस्तरीच्या हाताखाली लागलो. आमच्या घरी शेणानं सारवलेली भुई. माणसं लाकडावर चालतात हे मी तिथं पाहिलं. दिवाणखान्यात सागाच्या पट्ट्या, कडेनं शिसवाची काळी वेल, वेलीत फिकट पिवळ्या हळदूच्या पाकळ्या. एकेक तुकडा कोरलेल्या खाचेत सरसानं बसवलेला. पण वर कैक वर्षांचं पॉलिश, मेण आणि मळ. नक्षी दिसतच नव्हती. मालकाला ती उजळून पाहिजे होती.

मधला भाग मशीननं झाला. कडेची नक्षी मात्र हातानं, गुडघ्यावर बसून. आधी साठ नंबरचा पॉलिश पेपर, मग ऐंशी, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस. साधी फळी रेषेरेषेनं घासता येते. नक्षीत प्रत्येक तुकड्याची रेषा वेगळीकडं जाते. एकाच्या सोयीनं घासलं की शेजारच्याला ओरखडा. साग मऊ, शिसव टणक. नुसत्या बोटांनी पेपर चालवला तर मऊ लाकूड आधी झिजतं आणि खड्डा पडतो. म्हणून पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. सगळ्यात जपायचं ते धुळीला. शिसवाची काळी धूळ हळदूच्या छिद्रात बसली की पाकळी कायमची मळकट. मिस्तरी ओरडायचा, "काळ्याची धूळ पांढऱ्यावर जाऊ देऊ नको रं! पांढऱ्याकडनं काळ्याकडं हात चालव." मी मान खाली घालून हसायचो. विटाळ इथंसुद्धा होताच! (हीच लाकडाची धूळ कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली जाहीर केलं. आम्ही तोंडाला टॉवेल बांधायचो.)

आणि खरं सांगतो, मळ निघून वेल वर आली तेव्हा मला आनंद झाला. आपल्या हातानं काहीतरी सुंदर होतंय असं वाटलं. हा आनंद खोटा नव्हता. पण मी काय केलं होतं? नक्षीचा एक तुकडासुद्धा जागचा हलवला नव्हता. उलट ज्याची त्याची जागा आणखी ठळक केली होती.

१९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जात वाईट, अस्पृश्यता तर कलंकच, पण वर्ण राहावा, ब्राह्मणाचं काम आणि सफाईवाल्याचं काम सारख्याच मोलाचं, ज्यानं त्यानं आपापलं करावं. म्हणजे मळ काढा, नक्षी ठेवा. (पुढं गांधीजी बदलले, आंतरजातीय लग्नांचा आग्रह धरू लागले. हेही सांगितलं पाहिजे. विरोधकाबद्दल अर्धं सांगणं आपल्याला शोभत नाही.) बाबासाहेबांचं भांडण मळाशी नव्हतं, त्या खाचांशी होतं. समरसता म्हणते, सगळे तुकडे एकमेकांना चिकटून कसे छान बसलेत बघा. समता विचारते, खाच कुणी कोरली?

लाकडाला हा प्रश्न पडत नाही. शिसवाला कडेला बसवल्याचं दुःख नाही. माणसाला आहे.

कुणी म्हणंल, घासत राहा, एक दिवस नक्षी झिजून जाईलच की. हे मीही मिस्तरीला विचारलं होतं. जडावाचा तुकडा दोन-तीन मिलिमीटर जाड, दर घासणीला थोडा पातळ होतो. मग कधीतरी संपणारच ना? मिस्तरी म्हणाला, "येड्या, संपू देईल का मालक? पातळ दिसली की तो घासणं बंद करतो, नुसतं मेण लावतो." नक्षीसाठी घासणारा नक्षी संपायच्या आत थांबतो. वस्तीत येऊन जेवणारे कुठं थांबतील, हे त्यांना विचारून बघा. पोरीच्या लग्नाचं विचारा. देवळाच्या गाभाऱ्याचं विचारा. गावच्या मसणवट्याचं विचारा.

मग काय, मी ती जमीन मुद्दाम खराब करायला पाहिजे होती? तसं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लाकडाचा काय गुन्हा? उपसून काढलं तर त्याच शिसवाचं बाक होईल, दार होईल, शाळेचा फळा होईल. पण उपसणं हे कामच आम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. रोज घासायचा होता.

त्या पोराला मी एवढंच म्हणलं, स्टेजवर जा, पण हे तीन प्रश्न घेऊन जा आणि माईकवर विचार. तो गप्प राहिला. पुढच्या बैठकीला येतो म्हणलाय.