सही तीच, शाई तीच!

दुकानासाठी कर्ज मागणाऱ्या दोघांचे कागद अगदी सारखे असतात. एक फेडतो, तेव्हा मंजुरी देणारे मॅनेजर दूरदृष्टीचे ठरतात. दुसरा बुडवतो आणि त्याच मॅनेजरांची चौकशी लागते. सही तीच, शाई तीच!

क्रिकेटच्या कोचचंही असंच. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर अझरुद्दीनने टॉस जिंकून फील्डिंग घेतली. कारण लंकेचे फलंदाज पाठलागात पटाईत. दिल्लीत आपले २७१ त्यांनी सहज पचवले होते. आमच्या कॅम्प नंबर तीनमधल्या सगळ्या माना तेव्हा ‘बरोबर’ म्हणून डोलल्या. पुढे २५२ च्या पाठलागात १ बाद ९८ चे ८ बाद १२० झाले, मैदानात बाटल्या पडल्या, सामना लंकेला बहाल झाला, आणि त्याच माना म्हणू लागल्या, कोच वाडेकरांना अक्कल नाही! हेच वाडेकर १९७१ ला इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आले तेव्हा चाणाक्ष होते. (शिवाय स्टेट बँकेचे अधिकारी, म्हणजे आमच्यातलेच.)

खेळपट्टी ओळखायला हवी होती, हे मान्य. पण टॉसच्या वेळी हे बोललं कोण?

शेजारचे सिंधी काका म्हणाले, “साईं, उधारी बुडाली म्हणून दुकान उघडणं चूक होतं का?”

टीव्हीला मात्र त्यांनी चार दिवस हात लावला नाही.