त्याच दिवशी का?

शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचं काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. दिवाळीची सुट्टी नसेल त्या वर्षी १ नोव्हेंबरला मी आवर्जून लिहायचो : १७५५, लिस्बनचा भूकंप.

तो ख्रिस्ती पंचांगातला सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे चर्चं माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. जमीन हादरली आणि छतं भाविकांच्या डोक्यावर आली. मोकळ्या जागेच्या आशेनं लोक तेजो नदीच्या धक्क्याकडे धावले, तर तिथं समुद्र चालून आला. कोलमडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस शहर जाळत राहिली. 'सर्व संत' याच नावाचं राजरुग्णालय आतल्या रुग्णांसकट जळालं. हजारो माणसं गेली.

मी वारकरी घरातला. हात जोडून उभ्या असलेल्यांवरच छत का पडावं, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूनं १७५६ मध्ये पुस्तिका काढून सांगितलं, की हे लिस्बनकरांच्या पापांचं फळ. मग लंडन, पॅरिस काय पुण्यवान होती, असं व्हॉल्तेअरनं कवितेतून विचारलं. त्यावर रूसोनं त्याला लिहिलं, की सहा-सात मजल्यांची घरं दाटीवाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. पापाचं उत्तर आपल्याकडेही दिलं गेलं. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. गांधीजींविषयी अपार आदर असूनही मी इथं रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे.

कारण मी किल्लारी पाहिली आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जाड दगडी भिंती, वरचं मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. आम्ही मदतीला गेलो होतो. बाहेरून आलेला एक जण बोलून गेला, "गावाचं काहीतरी पाप असणार." बाजूलाच एक आजी बसली होती. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. तिनं ते ऐकलं, मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्या माणसाच्या देवाशी माझं काही नातं नाही.

लिस्बनमध्ये मंत्री कार्व्हाल्यो, म्हणजे पुढचा पोंबाल, यानं गावोगावच्या चर्चना प्रश्न पाठवले : हादरे किती वेळ बसले? समुद्र आधी चढला की ओसरला? माणसं किती मेली? नवी घरं भिंतीत लाकडी सांगाडा घालून बांधली गेली. त्या प्रश्नांची उत्तरं तिथल्या पाद्र्यांनी लिहिली, आपल्याच माणसांना मूठमाती दिल्यावर. मला ती उपासनाच वाटते. ते कागद लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात जपलेले आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक ते आजही वाचतात.