आधी फ्लॅग वाचावा

परळी वैजनाथ
रविवार, पहाटे

चि. माय,

पाच वाजलेत, आजी अजून उठायची आहे, आणि राउटरशेजारच्या तुझ्या त्या छोट्या संगणकाच्या डबीचा हिरवा दिवा लुकलुकतोय, तो बघत तुला लिहितोय. दिवाळीत तू ती बसवलीस, घरचे सगळे फोटो तिच्यात भरलेस, पणजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी उतरवून ठेवल्यास (किती चिकाटीनं, मी पाहिलंय), आणि पुण्यात बसून रात्री त्या ऐकायचीस. गेल्या आठवड्यात इंटरनेटवाल्यानं राउटर बदलला आणि तुझं घरात येणं बंद झालं. मलाही चैन नाही. पण परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आबा, राउटरात डीएमझेड चालू करा, आणि ती डिजिटल की-बी राहू द्या, पासवर्डनंच येऊ द्या मला,’ तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. तू गुणाची पोर आहेस, मला काळजी आहे ती फक्त तुझ्या घाईची.

आपल्या परळीच्या थर्मल वीज केंद्रात १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. मी लागलो तो पुढं २१० मेगावॅटच्या संचांवर. संच ट्रिप झाला की सगळं पॅनल लाल व्हायचं, वरून फोनावर फोन यायचे, आणि नवीन पोराचा हात आधी रीसेटच्या बटणाकडे जायचा. आमचे साहेब तो हात धरायचे. रिलेचे कुठकुठले फ्लॅग पडलेत ते एकेक करून वहीत उतरव, मग रीसेट. कारण एकदा फ्लॅग वर गेले की दोष कुठं होता हे सांगणारं कुणी उरत नाही.

तुझ्या स्क्रीनवर येते ती ओळ म्हणजे तुझा फ्लॅग, बाई. म्हणून तर मी तुला ती तीन-तीनदा वाचायला लावली. ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं तर तू दारापर्यंत पोचलीस पण की जुळली नाही, असं समजलो असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असतं तर बहुतेक घर सापडलं पण त्या दाराशी ऐकायला कुणी नाही. तुझं आलं ‘टाइम्ड आउट’, म्हणजे हाकेला ओच नाही. मग मी घरातूनच सुरुवात केली. वायफायवरून लॅपटॉपनं डबीत शिरलो, शिरता आलं, म्हणजे डबी शाबूत आणि की पण शाबूत. जुन्या राउटरातलं पोर्ट फॉरवर्डिंग नव्यात नव्हतंच, ते वहीत बघून तसंच्या तसं भरलं, तरी तुझं तेच रडगाणं. म्हणजे खोट घराच्याही बाहेर होती.

काल पहाटे राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला. सुरुवातीला १००, पुढं ७२. आणि इंटरनेटवर आपला पत्ता विचारला तर भलताच! तिथं उलगडा झाला. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी, त्यांचं मध्यवर्ती कोठार २०११ च्या फेब्रुवारीतच रिकामं झालं, तेव्हा २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपन्यांना आपल्या आतल्या वापरासाठी राखून दिले. एका मोठ्या पत्त्याआड शेकडो घरं, त्याला सीजीनॅट म्हणतात. वाड्याच्या दिंडीवर एकच नंबर असावा आणि आतल्या बिऱ्हाडांना नसावा, तसं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आलेल्यानं कुठल्या बिऱ्हाडात जावं ते दिंडीला माहीत नाही.

आता बघ, मी तुझं ऐकून डीएमझेड लावलं असतं, म्हणजे बाहेरून येईल ते सगळं डबीकडे सोडलं असतं, तरी तू आत आली नसतीसच. पण उद्या कंपनीनं स्वतंत्र पत्ता दिला असता, की बाहेरून येणारा प्रत्येक जण थेट डबीपुढं, आणि मधे फक्त एक पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या किडीनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे अन् डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. आणि जिच्यातून तू डबीत शिरतेस ती एसएसएच तरी कशी जन्मली? १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तातू युलोनेन यांनी ती लिहिली. त्या माणसाच्या कष्टांची आपण कदर करावी.

स्वतंत्र पत्ता पैसे भरून मिळतो म्हणे, पण दर महिन्याचा खर्च कशाला? तुझ्या कामाचं भाड्याचं लहान सर्व्हर आहेच. डबीनंच इथून त्याला वायरगार्ड नावाच्या सुरक्षित वाटेनं हाक मारायची आणि दर २५ सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणत राहायचं, म्हणजे वाट बुजत नाही. तू सर्व्हरची पब्लिक की पाठव, मी डबीची पाठवतो. प्रायव्हेट की ज्याची त्याच्याजवळच राहील. की ४४ अक्षरांची असते आणि शेवटी बरोबरची खूण, ती उतरवताना सुटते, म्हणून मी मोजून घेईन, तूही मोज.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला फोन कर, तेव्हा लाइटही सहसा जात नाही. मी लॅपटॉपवर डबीत शिरून बसेन आणि ती खिडकी बंद करणार नाही. तू पुण्याहून नव्या वाटेनं आत येशील, मग बाहेर जाऊन पुन्हा एकदा येशील, आणि दोन्ही वेळा जमलं तरच मी राउटरातलं जुनं फॉरवर्डिंग काढीन आणि आपण पासवर्डचं दार कायमचं लावू. आत आलीस की आधी पणजीची ती पहिली कॅसेट लाव, जिच्यात मधेच कोंबडा आरवतो. आजी म्हणते, फोन स्पीकरवर ठेवा, मलाही ऐकायचंय.

तुझा
आबा