बिऱ्हाड पाठीवर, घर मागे

‘घर असताना गाडीत कशाला झोपायचं?’ आम्ही कॅम्परव्हॅन शोधतोय हे कळल्यावर आईने विचारलेला हा प्रश्न. त्याची तयार उत्तरं भरपूर आहेत. मोकळेपणा, निसर्ग, हॉटेल बुकिंगची कटकट नाही, कमी सामानात जगण्याचा आनंद. २०११ मध्ये सुरू झालेल्या #व्हॅनलाइफ या हॅशटॅगखाली हीच उत्तरं सूर्यास्ताच्या फोटोंसकट मिळतात. पण आईचं बालपण गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, सात माणसांत गेलंय. तिथून वन बीएचके, मग टू बीएचके, हा तिच्या आयुष्याचा प्रवास. आता तिची लेक आणि जावई पैसे मोजून दोन मीटर रुंद डब्यात झोपायला निघालेत. कमी सामानात जगण्याचा आनंद तिला मी कुठल्या तोंडाने समजावणार?

म्हणून तो प्रश्न मी मनावर घेतला. ज्यातून माणसं धडपडून बाहेर पडतात, त्यात हौसेने शिरण्यात नेमकं काय मिळतं? आणि ज्यांना बाहेर पडणं जमत नाही किंवा पडायचंच नाही, त्यांचं आपण काही देणं लागतो का?

आधी गाडीबद्दल. आम्ही दोघं यॉर्कशरमधल्या एका लहान गावात राहतो. ब्रिटनमध्ये सुट्टीसाठी चाकांवरचं घर घ्यायचं तर तीन मुख्य पर्याय असतात. कॅरव्हान म्हणजे आपल्या कारमागे जोडून ओढायचं घर. मुक्कामी पोचलं की ते तिथेच सोडून कारने भटकता येतं. मोटरहोम म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. ऐसपैस, पण अरुंद रस्त्यांवर घाम फोडणारी. आणि कॅम्परव्हॅन म्हणजे मालवाहू व्हॅनच्या आतच पलंग, शेगडी, सिंक बसवलेली गाडी. तिच्यातही दोन तऱ्हा. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरसारखी पाचेक मीटरची, छप्पर वर उचलता येणारी. ही रोजच्या वापरातही चालते, पण रात्री सीट पाडून पलंग करायचा आणि सकाळी मोडायचा. दुसरी फियाट डुकाटोसारखी, सहा मीटरच्या आसपास लांब आणि उंच. आत ताठ उभं राहता येतं, कायमचा पलंग बसतो, छोटं टॉयलेटही. मात्र पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडा असला की ही बाहेरच.

दोघांसाठीची निवड शेवटी पलंगावर येऊन अडते. कायमचा पलंग असेल तर एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला चहा करता येतो. रोज मांडायचा असेल तर दोघांनी एकाच वेळी झोपायचं, एकाच वेळी उठायचं. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नाही. फार तर ड्रायव्हरची सीट. तुम्ही घेणार असाल तर आधी तीन-चार दिवस भाड्याने घेऊन बघा, तेही पावसात. ओले बूट कुठे ठेवायचे यावरून होणारा वाद कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

मग येतं वजन. इथे १ जानेवारी १९९७ नंतर कारचं लायसन्स काढलेल्यांना साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. तयार गाडीचं वजन त्यातून वजा केलं की जे उरतं ते पेलोड, म्हणजे आपण, आपलं सामान, पाणी, सायकली, सगळं. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले. त्यामुळे कॅम्परव्हॅनवाले एखाद्या साधकासारखे बोलतात. बिडाचा तवा घ्यायचा की नाही? पुस्तकं दोन की तीन? कुकर एकच पुरेल का? मला हा हिशेब आवडला. आमच्या टीचभर घरात किती वस्तू उगाच आहेत, हे त्या यादीने दाखवलं.

पण यादीत एक गंमत आहे. बिडाचा तवा आपण टाकून देत नाही, घरी ठेवतो. हिवाळ्याचे कोट, सर्टिफिकेटं, आजीची पितळी भांडी, सगळं घरी कुलपात असतं. पत्र त्याच पत्त्यावर येतं. डॉक्टरकडे नाव त्याच पत्त्यावर. व्हॅनमध्ये जो हलकेपणा जाणवतो, तो आपल्यासाठी वजन धरून बसलेलं एक घर मागे उभं आहे म्हणून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. आमचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते दोन आठवडे, आणि घर मागे असतं बावन्न आठवडे.

हे काही आजचं नाही. सुट्टीसाठी मुद्दाम बांधलेल्या पहिल्या कॅरव्हानमध्ये गणली जाणारी गाडी १८८५ मधली. नौदलातून निवृत्त झालेल्या विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने ती ब्रिस्टलच्या कारखान्यातून बनवून घेतली आणि तिला नाव दिलं ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. कल्पना रोमानी जिप्सींच्या गाड्यांवरून उचललेली. ओढायला दोन घोडे, हाकायला कोचमन, आणि दिमतीला एक नोकर, जो तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता बघायचा. पुढे १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा कॅरव्हान क्लब निघाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. भटकेपणाची हौस सुरू झाली तेव्हापासूनच तिच्यामागे घर होतं, नोकर होते, प्रतिष्ठा होती.

ज्यांच्याकडून ही कल्पना घेतली, त्यांचं काय झालं? १९६८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर जिप्सींच्या गाड्यांसाठी जागा देण्याचं बंधन घातलं. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकलं. २०२२ च्या पोलीस कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये एक नवा गुन्हा आणला. दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय गाडीसह मुक्काम केला, त्याने मोठं नुकसान किंवा त्रास झाला किंवा होण्याची शक्यता असली, आणि सांगूनही हलला नाहीत, तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि गाडीची जप्ती. कायद्यात कोणत्या समाजाचं नाव नाही. पण तो कोणाच्या अंगावर पडतो हे रोमानी जिप्सींना आणि आयरिश ट्रॅव्हलरना कोणी सांगावं लागत नाही. सुट्टीवाल्याची गाडी जप्त झाली तर सुट्टी जाते. त्यांची जप्त झाली तर घर जातं.

हे वाचताना मराठी माणसाला वेगळीच ठेच लागते. याच सरकारने १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. फिरती जात म्हणजे संशयित जात. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्ये कायदा गेला, ‘विमुक्त’ हा शब्द आला, पण गावाबाहेर पालं पडली की ‘कोण आलेत, कधी जाणार’ ही कुजबुज गेली नाही.

आणि दुसरी आठवण ऊसतोडीची. बीडकडून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तीही दोघांची सफरच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत संसार, फडाजवळ कोपी, पाणी लांबून आणायचं. सामान आमच्यापेक्षा कमी, आकाश तितकंच मोठं. त्यांच्या जगण्याला ‘मिनिमलिझम’ कोणी म्हणत नाही. त्यांचंही घर मागे असतं, पण तिथे परतायचं कधी हे उचल फिटण्यावर आणि कारखान्याच्या पट्ट्यावर ठरतं.

इथे कोणी म्हणेल, मग काय, सुट्टीवर जायचंच नाही? मला तसं वाटत नाही. आमच्या अपराधी वाटण्याने बीडच्या कोपीत नळ येणार नाही. समुद्राकडे दार उघडून चहा पिण्यात काही पाप नाही. खोट आहे ती त्या चहाला साधेपणाचं व्रत म्हणण्यात. त्याहून मोठी खोट म्हणजे थांबण्याची जी सोय आपण आनंदाने वापरतो, ती दुसऱ्याने मागितली की नाक मुरडणं. कारण चाकांवरच्या घराची खरी गरज चालणं नसून थांबणं आहे. सपाट जागा, नळ, मैला रिकामा करायची जागा, आणि रात्री काचेवर कोणी ठोठावणार नाही याची खात्री. आम्हाला हे सगळं कॅम्पसाइटवर पैसे देऊन मिळतं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तंबू टाकायची मोकळीक दिली, ती गाडीला नाही. तरी आमच्यासारखे रस्त्याकडेला एखादी रात्र काढतात आणि बहुतेकदा कोणी काही म्हणत नाही.

हा प्रश्न आमच्या दाराशी आला तो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. गावाबाहेरच्या एका शेतावर ट्रॅव्हलर कुटुंबांच्या सहा गाड्यांसाठी कायमची जागा करायचा अर्ज कौन्सिलकडे आला होता. विरोधाच्या पत्राचा मसुदा ग्रुपवर फिरला. कचरा होईल, घरांच्या किमती पडतील, रहदारी वाढेल. मसुद्याखाली पहिली सही होती त्या शेजाऱ्यांची, ज्यांनी आम्हाला पेलोड म्हणजे काय ते कागदावर काढून समजावलं होतं. भली माणसं आहेत. त्यांचं मोटरहोम वर्षातले दहा महिने दारात उभं असतं.

नवरा म्हणाला, ‘सही नको करूस, पण गप्प राहू. आपण इथे नवे आहोत, कशाला डोळ्यांवर यायचं?’ त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर प्रत्येक पत्र नावासह दिसतं. आमचं आडनाव त्या यादीत लांबूनही ओळखू येईल. दोन दिवस आम्ही यावर बोललो. मी म्हटलं, कचऱ्याची भीती खरी असेल, तर तिचा इलाज कचराकुंडी आणि नळ असलेली जागा हाच आहे, आणि अर्जात नेमकं तेच मागितलंय. जिथे थांबायला जागा नसते तिथे रस्त्याकडेला मुक्काम पडतो. तो म्हणाला, ‘हे पटतंय. मग दोघांच्या नावाने लिही.’

मी लिहिलं, अर्ध्या पानाचं. आम्ही गाडीतून फिरतो, ठिकठिकाणी आम्हाला थांबू दिलं जातं, म्हणून या कुटुंबांनाही थांबू द्यावं. रहदारीबद्दल दोन ओळी: सहा कुटुंबांमुळे वाढणारी रहदारी ऑगस्टमधल्या आमच्या सुट्टीवाल्यांपेक्षा जास्त नसेल. पत्र प्रसिद्ध झाल्यावर ग्रुपवर शांतता पसरली. शेजाऱ्यांनी पुढच्या रविवारी नेहमीसारखा हात केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी केला.

गाडी आम्ही घेतली. जुनी, सहा मीटरच्या आतली, कायमच्या पलंगाची. बिडाचा तवा बसला, पितळी भांडी घरीच राहिली. कौन्सिलचा निर्णय अजून यायचाय. अर्जावर सुनावणी आहे त्या दिवशी आम्ही खरं तर वेल्सला जाणार होतो. ते पुढे ढकललंय. सुनावणीत अर्जाच्या बाजूने बोलायला तीन मिनिटं मिळतात, आणि आतापर्यंत त्यासाठी फक्त एकच नाव नोंदलं गेलंय.